निविदेच्या अलीकडे आणि पलीकडे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, जमीन-खरेदीच्या जाहीर नोटिसांच्या शेजारी, ‘ई-निविदा सूचना’ छापलेली असते. अक्षर इतके बारीक की, ती कोणी वाचू नये हीच छापणाऱ्याची इच्छा असावी असा संशय येतो. कामाचे नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, कोऱ्या निविदेची किंमत, काम पूर्ण करण्याची मुदत आणि शेवटी ते ठरलेले वाक्य: कोणतीही निविदा कारण न देता स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. गावचा रस्ता, जिल्हा रुग्णालयातले सलाईन, शाळेतले बाक, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, सगळे याच चौकटीतून आपल्यापर्यंत येते.

सरकारएवढे मोठे गिऱ्हाईक देशात दुसरे नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६मध्ये सुरू केलेल्या ‘जेम’ या ऑनलाइन बाजारपेठेतून २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात पाच लाख कोटी रुपयांहून अधिक खरेदी झाली. रस्ते, पूल, धरणे यांची कामे बहुतांशी त्याबाहेरच आहेत. एवढ्या पैशाबद्दल आपले प्रश्न मात्र दोनच असतात: काम कोणाला मिळाले आणि कितीला मिळाले. दर उघडण्याचा दिवस महत्त्वाचा आहेच. पण खरेदी चांगली होणार की पैसा वाया जाणार, हे बरेचसे त्या दिवसाच्या आधीच, अटी लिहिताना ठरून गेलेले असते. राहिलेले ठरते ते नंतर, माल तपासताना, मोजताना आणि बिल काढताना. आपल्याकडच्या सुधारणांचा जोर मात्र मधल्या त्या एका दिवसावरच राहिला आहे.

अटींपासून सुरुवात करू, कारण या विषयावरचा देशातला सर्वांत गाजलेला निकाल मुंबईतल्या एका उपाहारगृहावरून लागला आहे. जानेवारी १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या विमानतळावरचे दुसऱ्या दर्जाचे उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा मागवल्या. अट अशी होती की, अर्जदार नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेल व्यावसायिक असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. सहा निविदा आल्या. सर्वांत जास्त रक्कम देऊ करणाऱ्याने महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे लिहिले होते. त्याचा अनुभव कॅन्टीन चालवण्याचा होता. तो दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला नव्हता. तरी काम त्यालाच दिले गेले. प्राधिकरणाच्या हिशेबाने त्यात वावगे काही नव्हते. सरकारी तिजोरीत जास्त पैसे येत होते, आणि नाकारण्या-स्वीकारण्याचा अधिकार तर राखून ठेवलेलाच होता.

रमणा दयाराम शेट्टी यांनी याला आव्हान दिले. ४ मे १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात सांगितले की, सरकारने एकदा निकष जाहीर केला की तो सरकारवरही बंधनकारक असतो. अट शिथिलच करायची होती, तर ती वाचून ज्यांनी अर्ज केला नाही त्यांनाही संधी मिळायला हवी होती. घरमालक आपले घर कोणाला भाड्याने द्यायचे ते मर्जीने ठरवू शकतो. सरकारला ती मोकळीक नाही. गंमत अशी की, तत्त्व मान्य झाले तरी शेट्टींच्या पदरात काही पडले नाही. ते न्यायालयात उशिरा आले आणि तोवर ठेकेदाराचा बराच खर्च होऊन गेला होता, या कारणांनी ठेका कायम राहिला. निविदांच्या भांडणात असे आजही वारंवार घडते. निकाल लागेपर्यंत डांबर पडून गेलेले असते.

त्या खटल्यात जाहीर केलेली अट पाळली गेली नव्हती. आजची अडचण बहुधा उलटी असते: अट तंतोतंत पाळली जाते, कारण ती लिहितानाच कोणाच्या तरी मापाने बेतलेली असते. रस्त्याच्या कामात डांबर मिश्रणाचा प्लॅन्ट कामाच्या जागेपासून ठरावीक किलोमीटरच्या आत असावा, अशी अट घातली जाते. त्यामागे शुद्ध अभियांत्रिकी कारण आहे. मिश्रण गरम असतानाच पसरून दाबावे लागते. लांबून आणले तर वाटेत थंड होते आणि पहिल्याच पावसात खडी सुटते. पण तालुक्यात असा प्लॅन्ट एकाच माणसाचा असेल, तर याच अटीने स्पर्धा संपते. अट योग्य की बनाव, हे तिच्या शब्दांवरून कळत नाही. स्थानिक बाजार माहीत असावा लागतो. यंत्रसामग्रीच्या खरेदीत तर एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातली मापे, वजन, अगदी पडद्याची रुंदीसुद्धा जशीच्या तशी ‘तांत्रिक निकष’ म्हणून उतरते. यावर उपाय आहेत आणि ते फार अवघड नाहीत. यंत्र कसे असावे यापेक्षा त्याने काय काम करावे ते लिहायचे. निविदापूर्व बैठकीत कोणी काय आक्षेप घेतले आणि त्यांना काय उत्तरे दिली, ते संकेतस्थळावर टाकायचे. अटी पूर्ण करू शकणारे किमान किती पुरवठादार बाजारात आहेत, याची नोंद फायलीत ठेवायची. ही शेवटची नोंद कोणी ठेवत नाही.

मग येतो ‘एल-वन’. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. नियम सोपा आहे आणि त्याचा खरा गुण दराइतकाच दुसरीकडे आहे: अधिकाऱ्याला तो सुरक्षित वाटतो. कमी दर सोडून दुसऱ्याला काम दिले, तर लेखापरीक्षणात परिच्छेद निघेल, चौकशी लागेल. २०१८पर्यंत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक तरतूद अशी होती की, अधिकाऱ्याच्या निर्णयाने कोणाचा सार्वजनिक हिताविरुद्ध आर्थिक फायदा झाला, तर अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसला तरी तो अडकू शकत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती काढली. भीती मात्र फायलींमध्ये मुरलेली आहे.

मग ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ जातो. अंदाजपत्रक सरकारच्या दरसूचीवर आधारलेले असते, म्हणजे एक तर दरसूची फुगलेली आहे किंवा हा माणूस तोट्यात काम करणार आहे. तोट्यात कोणी काम करत नाही. कमतरता तो थराच्या जाडीत भरून काढतो, वाढीव बाबींच्या दरात भरून काढतो, नाही तर काम अर्धवट सोडून मुदतवाढीचे अर्ज करत बसतो. म्हणून महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने फार खाली जाणाऱ्यांकडून जादा सुरक्षा ठेव घ्यायला सुरुवात केली. केंद्राच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१च्या सूचनांमध्ये आणखी एक दार उघडले: गुणवत्ता महत्त्वाची आहे असे जाहीर केलेल्या कामांत दर्जाच्या गुणांना तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येते. दर्जाचे गुण माणसे देतात, त्यामुळे यात मर्जीला वाव आहे, ही टीका खरी आहे. पण दराच्या आकड्यातही मर्जी शिरते. ती फक्त आधीच, अटींच्या पानावर शिरलेली असते.

ऑनलाइन निविदेमुळे कार्यालयाच्या दारात उभे राहून प्रतिस्पर्ध्याला लिफाफा टाकू न देण्याचे दिवस गेले, आणि हा फायदा लहान नाही. ठेकेदारांची रिंग मात्र गेली नाही. तिला आता रस्त्यावर यावे लागत नाही एवढेच. पुण्यात नागरिक चेतना मंच या संस्थेने महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने मे २०१८च्या आदेशात संगनमत झाल्याचे म्हटले. स्पर्धक म्हणून दिसणाऱ्यांतल्या काही कंपन्या केवळ नाव वापरू देण्यासाठी उभ्या होत्या. निविदा ऑनलाइन होत्या, पुरेसे अर्ज आले होते, कागद पूर्ण होते. संशय यायला एकेका निविदेपलीकडे, अनेक निविदा शेजारी ठेवून पाहावे लागते: तेच चार जण आळीपाळीने जिंकतात का, हरणाऱ्यांचे दर नेहमी एकाच अंतराने वर असतात का, बयाण्याची रक्कम एकाच शाखेतून भरली गेली का. ही माहिती संगणकात असतेच. ती ताडून पाहणे हे कोणाचे काम आहे, ते मात्र ठरलेले नसते.

आता निविदेच्या पलीकडच्या बाजूला येऊ, आणि त्यासाठी औषधांच्या खरेदीसारखे दुसरे उदाहरण नाही. रस्ता वाईट झाला तर खड्डा दिसतो. गोळीत औषध आहे की खडू, हे डोळ्यांना कळत नाही.

१९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते दिले जात होते. चौदा जणांचा मृत्यू झाला. बाटल्यांमध्ये औद्योगिक वापराचे ग्लिसरीन होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, पुरवठादाराला मिळालेली मान्यता, अन्न व औषध प्रशासनाची तपासणी, मंत्रालयातले हस्तक्षेप या सगळ्या साखळीवर कडक ताशेरे ओढले. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मृत्यू होईपर्यंत कागदोपत्री ती एक रीतसर खरेदी होती. बाटली रुग्णाच्या खाटेपाशी जाण्याआधी तिच्यातले द्रव तपासायला लावणारी एकही पायरी त्या साखळीत काम करत नव्हती.

तमिळनाडूने पुढच्या दशकात नेमकी हीच पायरी उभी केली. जुलै १९९४मध्ये तमिळनाडू मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जानेवारी १९९५पासून तिचे काम सुरू झाले. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याकडे तिच्या उभारणीचे श्रेय जाते. पहिले काम त्यांनी निविदा काढण्याच्याही आधीचे केले: यादी छोटी केली. डॉक्टरांच्या आवडीच्या, निरनिराळ्या नावांनी येणाऱ्या शेकडो औषधांऐवजी सुमारे अडीचशे अत्यावश्यक औषधे त्यांच्या मूळ रासायनिक नावाने निवडली. यादी आखूड झाली की प्रत्येक औषधाची मागणी मोठी होते आणि मोठ्या मागणीला दर आपोआप उतरतो. एवढ्याशा कामात निम्मी लढाई जिंकली होती, आणि अजून लिफाफा उघडायचाच होता.

निविदा दोन लिफाफ्यांची. आधी तांत्रिक पात्रता, कारखान्याची पाहणी, मग दर. भाग घ्यायचा तो उत्पादकाने किंवा थेट आयातदाराने. मधले दलाल बाद. खरी करामत यानंतरची आहे. माल थेट रुग्णालयात जात नाही, जिल्ह्याच्या गोदामात उतरतो आणि तिथेच थांबतो. प्रत्येक बॅचचे नमुने मुख्यालयात येतात. तिथे कंपनीचे नाव झाकून नमुन्याला सांकेतिक क्रमांक दिला जातो आणि तो पॅनलवरच्या एखाद्या प्रयोगशाळेकडे जातो. आपण कोणाची गोळी तपासतो आहोत हे प्रयोगशाळेला कळत नाही, त्यामुळे तिला कोणाचा फोनही येत नाही. अहवाल चांगला आला की मगच बॅच गोदामातून हलते. नापास झाली तर कंपनीने माल उचलून न्यायचा; पुन्हापुन्हा नापास होणाऱ्याचे नाव काळ्या यादीत.

रुग्णालयांना दिले पासबुक, बँकेचे असते तसे. वर्षभरात किती रुपयांची औषधे उचलता येतील ते त्यात लिहिलेले. जिथे तापाचे रुग्ण जास्त तिथला डॉक्टर तापाची औषधे जास्त उचलेल. चेन्नईतल्या कोणी ठरवलेला एकसारखा गठ्ठा त्याच्या माथी पडत नाही. पट्ट्यांवर महामंडळाची खूण आणि विक्रीसाठी नसल्याची सूचना छापलेली, म्हणून ती बाहेरच्या दुकानात जाणे अवघड. कोणत्या गोदामात कोणते औषध किती उरले, हे नव्वदच्या दशकातच संगणकावर दिसू लागले. आणि तपासणीत पास झालेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळू लागले. चांगल्या कंपन्या निविदेत उतरण्याचे सर्वांत मोठे कारण हे शेवटचे असावे, असे मला वाटते.

हे कौतुक खरेदी यंत्रणेपुरतेच आहे, हेही सांगायला हवे. जे. जे.मध्ये सापडले होते तेच विष २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात सापडले. त्यांतली काही मुले नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. ते औषध तमिळनाडूतल्याच एका कारखान्यात बनले होते आणि खासगी बाजारातून आले होते.

राजस्थानने २०११मध्ये तमिळनाडूच्या धर्तीवर महामंडळ उभारले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला. २०१७मध्ये राज्याने औषधे आणि उपकरणांची एकत्रित खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. लस बनवण्यात त्या संस्थेचे नाव मोठे आहे. पण लस बनवणे आणि शेकडो वस्तूंची मागणी गोळा करून, निविदा काढून, त्या जिल्ह्याजिल्ह्यात पोचवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. खरेदी रखडते, निधी पडून राहतो अशा तक्रारी सुरूच राहिल्या. २०२३मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. हा निर्णय योग्यच आहे. फक्त तमिळनाडूकडून घ्यायची आहेत ती गोदामे, नमुन्यांचे सांकेतिक क्रमांक, पासबुके आणि वेळेवर निघणारी बिले. पाटीवरचे नाव बदलणे त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

बिलांबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण निविदेच्या चर्चेत ती येतच नाहीत. ज्या खात्यात बिल वर्षभर अडकते, त्या खात्याला चांगला पुरवठादार दर देतानाच वर्षभराचे व्याज त्यात मिळवतो, किंवा तिकडे फिरकतच नाही. उरतात ते बिल काढून घेण्याची कला अवगत असलेले. टक्केवारी जिला म्हणतात तिचा एक मोठा स्रोत इथे आहे: काम मिळवण्यासाठी द्यावे लागते त्याहून आपलेच पैसे सोडवण्यासाठी द्यावे लागते. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे व्याज मागायला जाईल असा छोटा उद्योजक विरळाच. २०२१च्या केंद्रीय सूचनांनी यावर व्यवहारी तोडगा काढला: बांधकामाचे चालू बिल आले की त्यातली किमान ७५ टक्के देय रक्कम दहा कामाच्या दिवसांत द्यायची, बारकाईची तपासणी नंतर. मार्चअखेर सगळी देणी एकदम काढण्याची आपली वहिवाट पाहता हे राज्यात आणि महापालिकांत उतरायला वेळ लागेल.

खुलेपणाच्या बाबतीत बाहेरची दोन उदाहरणे नोंदवण्याजोगी आहेत. स्लोव्हाकियात १ जानेवारी २०११पासून सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही. युक्रेनने २०१४च्या उठावानंतर ‘प्रोझोरो’ ही प्रणाली बांधली आणि १ ऑगस्ट २०१६पासून ती सर्व सरकारी खरेदीसाठी सक्तीची केली. लिलाव संपताच हरलेल्यांचे दर आणि कागदपत्रेसुद्धा कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे तांत्रिक आणि आर्थिक लिफाफ्यांचा निकाल संकेतस्थळावर दिसतो, पण त्यापुढे पडदा पडतो. मूळ करार, मुदतवाढी, वाढीव बाबी, अंतिम बिल काहीच दिसत नाही. दहा कोटींचे काम चौदा कोटींना संपले, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो.

कायद्याचा पायाही कच्चा आहे. तमिळनाडूने १९९८मध्ये, कर्नाटकाने १९९९मध्ये आणि राजस्थानने २०१२मध्ये निविदा-पारदर्शकतेचे कायदे केले. अपील कोणाकडे करायचे ते त्यांत लिहिलेले आहे. केंद्राचे सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. महाराष्ट्रातली कार्यालयीन खरेदी १ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयातल्या नियमपुस्तिकेवर चालते. पुस्तिका नीट लिहिलेली आहे. पण एक शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो, आणि अन्याय झाला असे वाटणाऱ्या पुरवठादाराला थेट उच्च न्यायालयच गाठावे लागते. म्हणजे ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत त्यालाच तक्रार परवडते.

तोवर नागरिकाच्या हातात माहिती अधिकाराचा २००५चा कायदा आहे आणि तो बहुतेक जण अर्धाच वापरतात. निविदेची, तुलनात्मक तक्त्याची, मोजमाप पुस्तिकेची, चाचणी अहवालाची प्रत मागता येते, हे आता गावोगावी माहीत झाले आहे. त्याच कायद्याच्या कलम २मध्ये, माहितीच्या अधिकाराची व्याख्या करताना, आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे. रस्त्याचे काम चालू असताना तिथे टाकलेल्या खडीचा, डांबराचा, सिमेंटचा नमुना अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी मागता येतो आणि तो स्वतःच्या खर्चाने एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. अर्ज मात्र काम चालू असतानाच द्यावा लागतो. माहिती द्यायची मुदत तीस दिवसांची आहे, आणि गल्लीतला रस्ता त्याआधी उरकतो.